धर्मादाय हवाई रुग्णवाहिका कशी चालवावी

हवाई रुग्णवाहिका सुरू करायचं ठरलं की विश्वस्तांच्या पहिल्याच बैठकीत विमान कोणतं घ्यायचं यावर चर्चा रंगते. तो विषय सगळ्यात शेवटी घ्या. आधी तीन गोष्टी कागदावर उतरवा: कोणता रुग्ण न्यायचा नाही, कोणत्या हवेत उडायचं नाही आणि कोणत्या अटीवर दिलेले पैसे घ्यायचे नाहीत. धर्मादाय सेवेत नकार देणं फार जड जातं, म्हणून नकाराचे नियम शांत डोक्याने आधीच ठरलेले असावे लागतात. रात्री दोन वाजता फोनवर रडणाऱ्या माणसाशी बोलताना ते सुचत नाहीत, आणि सुचले तरी पाळवत नाहीत.

विमान विकत न घेतलेलंच बरं

उड्डाणाचा परवाना, देखभाल, वैमानिकांचं प्रशिक्षण हा सगळा स्वतंत्र व्यवसाय आहे. परवानाधारक कंपनीकडून विमान, वैमानिक, देखभाल आणि विमा यांसकट भाड्याने घ्या आणि वैद्यकीय बाजू पूर्णपणे स्वतःच्या हातात ठेवा. ऑस्ट्रेलियात पाद्री जॉन फ्लिन यांच्या पुढाकाराने १९२८ मध्ये क्लोनकरी गावाहून हवाई डॉक्टर सेवा सुरू झाली, तेव्हाही डीएच-५० जातीचं विमान क्वांटास या विमान कंपनीकडून भाड्याने घेतलेलं होतं. आजची रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस त्यातूनच उभी राहिली.

करारात काही गोष्टी शब्दांत लिहून घ्या. मोठ्या तपासणीसाठी विमान आठवडेच्या आठवडे हँगरमध्ये जातं. त्या काळात बदली विमान किती तासांत मिळणार आणि त्यात आपलं स्ट्रेचर बसणार का? हवामानामुळे अर्ध्यातून परतलं तर त्या उड्डाणाचा खर्च कोणाचा? स्ट्रेचर, ऑक्सिजनची पाइपलाइन, इन्व्हर्टर ही बसवणूक कोणाच्या मालकीची? विमानात बसवलेली प्रत्येक वस्तू, अगदी मॉनिटर अडकवायचा ब्रॅकेटसुद्धा, विमान वाहतूक नियामकाच्या मान्यतेचा लागतो. पट्ट्याने कसाबसा बांधलेला व्हेंटिलेटर जोरदार हादऱ्यात सुटून रुग्णाच्याच अंगावर येतो.

हेलिकॉप्टर की विमान, याचं उत्तर अंतर देतं. हेलिकॉप्टर ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जातं, पण इंजिन सुरू करणं, उतरायची जागा पाहणं, रुग्णाला आत घेऊन नीट बांधणं यात अर्धा तास सहज जातो. त्यामुळे पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या कामाला चांगला रस्ता आणि चांगली रुग्णवाहिका बहुतेक वेळा लवकर पोचते. अडीचशे किलोमीटरच्या पुढे विमान सरस ठरतं, मात्र मग दोन्ही टोकांना धावपट्टीपर्यंतचा रस्त्याचा प्रवास आलाच. म्हणून नेहमी खाटेपासून खाटेपर्यंतचा वेळ मोजा. हवेतला वेळ त्याचा एक तुकडा असतो, आणि देणगीदारांना दाखवायच्या तक्त्यात तेवढाच तुकडा दाखवला तर सगळेच फसतात.

माणसं किती लागतात

वर्षाचे तास ८,७६०. रजा, आजारपण, प्रशिक्षण वजा जाता एक माणूस साधारण १,७०० तास प्रत्यक्ष ड्युटीला मिळतो. म्हणजे चोवीस तास भरलेल्या एका खुर्चीमागे पाच माणसं पगारावर हवीत. वैमानिक, डॉक्टर, पॅरामेडिक आणि नियंत्रण कक्षातला माणूस अशा चार खुर्च्या धरल्या तर वीस. हा हिशेब न करता चोवीस तास सेवेची घोषणा केली की सहा महिन्यांत थकलेली माणसं उडू लागतात. सुरुवात दिवसाच्या बारा तासांनी करा. रात्रीचं उड्डाण हे वेगळं कौशल्य आहे. नाइट व्हिजन गॉगल, त्याचा नियमित सराव आणि आधी पाहून ठेवलेल्या उतरण्याच्या जागा हाती आल्यावरच त्याकडे वळा.

वैमानिकाला रुग्णाविषयी काहीही सांगू नका. कुठून कुठे, किती वजन, किती वाजता, एवढंच. रुग्ण चार वर्षांचं मूल आहे हे कळलं की समोरचा ढग जरा विरळ दिसायला लागतो. हवा पाहून हो किंवा नाही हे वैमानिकाने आधी कळवायचं, रुग्णाचा तपशील त्यानंतर उघडायचा. शिवाय उड्डाण नाकारायचा अधिकार पथकातल्या प्रत्येकाला हवा: एकाने नाही म्हटलं की विषय संपला, कारण विचारायचं ते दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत. हवाई रुग्णवाहिकांचे जीवघेणे अपघात पुन्हा पुन्हा रात्री, किंवा ढग-धुक्यात नकळत शिरल्याने झालेले आहेत. अमेरिकेत २०१४ मध्ये नियम कडक करून हवाई रुग्णवाहिका हेलिकॉप्टरांना जमिनीचा धोका दाखवणारं उपकरण सक्तीचं झालं, ते याच अनुभवातून.

पैसा

इंधन हा खर्चाचा लहान भाग असतो. भाडं, पगार, विमा आणि हँगर हे विमान एकदाही न उडता चालूच राहतात. तेव्हा ‘एका फेरीचा खर्च द्या’ अशी मागणी करून सेवा चालत नाही. ठरलेल्या तारखेला येणारी नियमित वर्गणी लागते. स्वित्झर्लंडची रेगा ही हवाई बचाव संस्था १९५२ मध्ये सुरू झाली आणि १९६६ पासून तिने वार्षिक वर्गणीदार जोडायला सुरुवात केली. आज तिचा मोठा आधार तोच आहे. निदान सहा महिन्यांचा स्थिर खर्च राखीव ठेवल्याशिवाय पहिलं उड्डाण करू नका.

रुग्णाच्या खाटेपाशी पैशाचा विषय निघता कामा नये. विमा किंवा परतफेडीची कागदपत्रं कार्यालयातल्या वेगळ्या माणसाकडे असावीत आणि ती रुग्ण पोचल्यानंतर. मोठा देणगीदार आपल्या माणसाला आधी न्या म्हणेल, हे गृहीत धरून देणगीपत्रावरच छापून ठेवा की देणगीमुळे प्राधान्य मिळत नाही.

फोन आला की

पहिले प्रश्न ठरलेले हवेत. रुग्ण आत्ता नेमका कुठे आहे, श्वास स्वतः घेतोय का, ऑक्सिजन किती लिटरने चालू आहे, रक्तदाब टिकवायला कोणती औषधं किती वेगाने चालू आहेत, छातीचा एक्स-रे कधी काढला, वजन किती. वजन अंदाजे चालत नाही. विमानाचा समतोल आणि इंधन त्यावर ठरतं, आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाचंही वजन विचारावं लागतं. रुंद बांध्याच्या रुग्णासाठी विमानाच्या दाराचं माप आणि स्ट्रेचरची वजनमर्यादा फोनवर असतानाच पडताळा.

मग पोचायचं ते रुग्णालय. तिथल्या खाटेची आणि स्वीकारणाऱ्या डॉक्टरांच्या नावाची लेखी खात्री मिळाल्याशिवाय चाकं हलवायची नाहीत, आणि निघायच्या अर्धा तास आधी पुन्हा फोन करायचा. मधल्या काळात खाट दुसऱ्याला जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. पलीकडची रुग्णवाहिका धावपट्टीवर उभी आहे का, तिच्यात ऑक्सिजन आणि सक्शन चालू आहे का, हेही त्याच फोनवर.

कोणाला नेऊ नये? छातीत हवा साठली असून नळी घातलेली नाही असा रुग्ण, प्रसूती अगदी जवळ आलेली बाई, डोळ्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा बुडबुडा सोडलेला रुग्ण, हृदय थांबल्याने छातीदाब (सीपीआर) चालू असलेला रुग्ण. यातल्या काहींना तयारी करून नेता येतं, काहींना थांबवणंच हिताचं असतं. आणि प्रवासाने ज्याचं काहीच बदलणार नाही, त्याच्या घरच्यांशी डॉक्टरांनी स्वतः, वेळ देऊन बोलावं. हे काम नियंत्रण कक्षावर ढकलू नये.

उंचीवर शरीराचं काय होतं

दाब राखलेल्या विमानातसुद्धा केबिनमधली हवा सहसा ६,००० ते ८,००० फुटांवर असते तेवढी विरळ होते. ८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७६० वरून ५६५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत उतरतो. याचे दोन परिणाम. एक, ऑक्सिजन कमी पडतो. जमिनीवर ४० टक्के ऑक्सिजनवर बरा असलेल्या रुग्णाला तेवढाच ऑक्सिजन पोचवायला वर सुमारे ५४ टक्के लागतो (४० गुणिले ७६० भागिले ५६५). जमिनीवरच ८० टक्क्यांवर असलेल्याला वर द्यायला काही उरतच नाही. दोन, बंद जागेतली हवा जवळपास एक तृतीयांशाने फुगते. छातीतली, आतड्यातली, कवटीतली, सगळीच.

म्हणून निघण्यापूर्वी छातीची नळी नीट चालते का पाहा आणि तिच्या टोकाला पाण्याच्या बाटलीऐवजी एकेरी झडप (हवा बाहेर जाऊ देणारी, आत न येऊ देणारी) लावा. बाटली हिंदकळते, आडवी होते. पोटात नाकावाटे नळी घालून ती उघडी ठेवा. श्वासनळीतल्या नळीचा फुगा हा सगळ्यात जास्त विसरला जातो. त्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी इतका हवा. विमान चढताना तो वाढतो आणि आतल्या अस्तराला इजा करतो. उतरताना कमी होतो, हवा बाजूने गळते आणि व्हेंटिलेटर ओरडू लागतो. चढताना एकदा आणि उतरताना एकदा, दाबमापक लावून तो जुळवायचा. बोटाने चाचपून अंदाज घेऊ नका. मोडलेला हात-पाय स्थिर ठेवणाऱ्या, हवेने फुगवलेल्या स्प्लिंटवरही तशीच नजर ठेवा.

केबिनचा दाब समुद्रसपाटीइतका ठेवा असं वैमानिकाला सांगता येतं. पण मग विमान बरंच खालून न्यावं लागतं, इंधन जास्त लागतं, हादरे बसतात आणि कधीकधी मध्ये उतरून इंधन भरावं लागतं. हे उड्डाणाच्या आखणीतच ठरलं पाहिजे.

ऑक्सिजनचा हिशेब

सिलिंडरचं पाण्याचं माप लिटरमध्ये गुणिले दाब बारमध्ये, एवढे लिटर वायू आत असतो. १० लिटरचा सिलिंडर १५० बारला भरला की १,५०० लिटर. शेवटचे २० बार धरायचे नाहीत, म्हणजे वापरायला १,३००. आता रुग्ण: मिनिटाला ८ लिटर श्वास, शंभर टक्के ऑक्सिजन, व्हेंटिलेटर स्वतः चालायला १ लिटर धरा, एकूण ९. खाटेपासून खाटेपर्यंत चार तास म्हणजे २४० मिनिटं, २,१६० लिटर. त्याची दुप्पट ४,३२०. तीन सिलिंडर पुरत नाहीत, चार लागतात. दुप्पट कशासाठी? विमानतळावर अर्धा तास घिरट्या, पलीकडची रुग्णवाहिका उशिरा, धुक्यामुळे दुसऱ्या विमानतळावर उतरणं. यातलं एक तरी होतंच.

नाकावाटे जोरदार प्रवाहाचं यंत्र मिनिटाला ५० लिटर खातं. चार तासांचे १२,००० लिटर होतात. एवढा साठा लहान विमानात मावत नाही. अशा रुग्णाला कमी प्रवाहाच्या मास्कवर किंवा व्हेंटिलेटरवर आणता येतं का, हे त्याच्या वॉर्डमध्ये ठरवा. मास्क बदलून निदान अर्धा तास तिथेच पाहा.

यंत्रं आणि पेटी

प्रवासाचा व्हेंटिलेटर लावून रुग्णाला मूळ खोलीतच दहा-पंधरा मिनिटं ठेवा. बिनसायचं असेल तर ते तिथे बिनसलेलं चांगलं. विमानात स्टेथोस्कोप कामाचा नाही आणि अलार्म ऐकू येत नाहीत, त्यामुळे श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारी रेषा सतत डोळ्यांसमोर हवी. थेंबाथेंबाने चालणारी सलाईन वर भरवशाची नसते: महत्त्वाची औषधं सिरिंज पंपावर घ्या आणि रक्तदाबाच्या औषधाची दुसरी सिरिंज भरून, नाव लिहून तयार ठेवा. पंपाच्या माहितीपत्रकावर बॅटरी आठ तास लिहिलेली असते. दोन वर्षांची बॅटरी किती चालते ते दर महिन्याला चालवून बघून पंपावर चिकटपट्टीवर लिहा.

भूल आणि वेदनाशामक औषधं कुलपात, मोजणी दोघांच्या सहीने. रोकुरोनियम, सक्सिनिलकोलीन ही स्नायू सैल करणारी औषधं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये. पेटी प्रत्येक फेरीनंतर भरून सील करायची. सील तुटलेलं दिसलं तर पूर्ण मोजणी. साफसफाईला विमान उत्पादकाने मान्य केलेलं जंतुनाशकच वापरा. क्लोरीनचं पाणी ॲल्युमिनियम खातं, आणि ते गंजलेलं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

हेलिकॉप्टरसाठी जागा

दिवसा किमान ३० बाय ३० मीटर सपाट, टणक जागा. रात्री त्याहून मोठी. वर विजेच्या तारा आहेत का हे आधी बघा, त्या वैमानिकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. चादरी, पिशव्या, पत्रे, टोप्या हलवून घ्या. पंखे थांबेपर्यंत किंवा पथकातला माणूस हात करेपर्यंत कोणी पुढे जायचं नाही; जायचं तेही समोरून, वैमानिकाच्या नजरेत राहून. शेपटीकडे कधीच नाही. उतार असेल तर खालच्या बाजूने जा, कारण चढाच्या बाजूला पंखा डोक्याच्या उंचीवर येतो. सलाईनची बाटली हात उंच करून धरायची नाही.

गावातल्या पोलिसांना, शाळेच्या शिक्षकांना आणि स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांना हे वर्षातून दोनदा प्रत्यक्ष मैदानात शिकवा. माणसं बदलतात, नवे खांब उभे राहतात. प्रत्येक जागेचा ताजा फोटो आणि अक्षांश-रेखांश नियंत्रण कक्षात असू द्या, आणि ज्या जागेची सहा महिन्यांत पाहणी झालेली नाही ती यादीतून काढून टाका.