मुलांचा ट्रेलर ओढायला ब्रिटनमध्ये वाहनमुक्त वाट कशी शोधाल

वाटेवर गाड्या नाहीत एवढ्याने सायकलमागे जोडलेल्या मुलांच्या ट्रेलरचं भागत नाही. दहा किलोमीटर छान सपाट वाट असते आणि तिच्या तोंडाशीच मोटारसायकली रोखायला बसवलेला लोखंडी अडसर असतो. साधी सायकल त्यातून जाते, ट्रेलर अडकतो. म्हणून वाट किती लांब हे नंतर बघा. तिची सर्वांत अरुंद जागा कुठे आहे, ते आधी शोधा.

पहिलं काम मोजपट्टीचं. ट्रेलरची रुंदी कापडी भागाची घेऊ नका, एका चाकाच्या बाहेरच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत घ्या. दोन मुलांचे ट्रेलर साधारण ८० ते ९० सेंमी भरतात. त्यात दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंमी धरले की एक मीटर ते १.१० मीटर मोकळी जागा लागते. मग ट्रेलर जोडून पुढच्या चाकापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. ती तीन मीटरच्या आसपास येते. वळणावर आणि रस्ता ओलांडताना अडचण होते ती या लांबीचीच.

इंग्लंडच्या २०२० सालच्या सरकारी मार्गदर्शिकेत दोन बोलार्डमध्ये, म्हणजे गाड्या रोखायला रोवलेल्या आखूड खांबांमध्ये, दीड मीटर अंतर सांगितलं आहे. आराखड्यासाठी २.८ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद सायकल गृहीत धरली आहे. पण त्याआधीचे अडसर ठिकठिकाणी तसेच उभे आहेत. तीन प्रकार हमखास त्रास देतात: ए आकाराची चौकट, एका वेळी एकच माणूस जाईल असं घुमतं फाटक, आणि एकाआड एक लावलेले दोन कठडे. कठड्यांमधून ट्रेलर रुंदीला बसतो, पण वळत नाही. सायकल वळली की ट्रेलर आतल्या बाजूने कोपरा कापतो आणि त्याचं चाक खांबाला लागतं.

आता नकाशा. नॅशनल सायकल नेटवर्क या देशभरच्या सायकलमार्गांच्या जाळ्याची निळी पाटी दिसली की वाट वाहनमुक्त, असा समज करून घेऊ नका. त्या जाळ्याचा निम्म्याहून जास्त भाग रस्त्यांवरून जातो. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशात पोकळ टिंबांची रेघ वाहनमुक्त मार्गाची आणि भरीव टिंबांची रस्त्यावरच्या मार्गाची असते. इंग्लंड-वेल्समध्ये ‘फुटपाथ’ (फक्त पायी जायची वाट) म्हणून दाखवलेल्या वाटेवर सायकल चालवण्याचा हक्क नाही. ‘ब्रायडलवे’वर, म्हणजे घोडेस्वारांनाही खुल्या वाटेवर, आहे, पण तिथे घोड्यांच्या टापांनी झालेला चिखल वाळून टणक होतो आणि आतल्या मुलाची हाडं खिळखिळी होतात. ट्रेलरसाठी ती वाट सोडाच.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच नोंदी करून बनवलेला ऑनलाइन नकाशा पूर्ण झूम केला की फाटकं आणि बोलार्ड दिसतात. खूण नसली म्हणून अडसर नाही असं मात्र नव्हे, कोणी नोंदवला नसेल तर तो दिसणारच नाही. त्यामुळे वाट जिथे जिथे डांबरी रस्त्याला छेदते, ती प्रत्येक जागा गूगल स्ट्रीट व्ह्यूमध्ये उघडा. वाटेच्या आत त्याचा कॅमेरा सहसा जात नाही, पण अडसर असतात ते नेमके या तोंडांशी. छायाचित्राची तारीखही बघा.

त्याच चित्रात रस्ता ओलांडताना मध्ये थांबायची जागा आहे का आणि ती किती रुंद, ते पाहून घ्या. ती दोन मीटरची असेल तर तुम्ही मध्ये थांबलात की ट्रेलरची शेपटी, म्हणजे मूल बसलेला भाग, चालत्या रस्त्यात राहते. अशा ठिकाणी दोन्ही बाजू मोकळ्या झाल्यावर एका दमात ओलांडायचं. रहदारी सलग असेल तर तो मार्गच बाद.

सर्वांत भरवशाच्या वाटा बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरच्या. आगगाडीला तीव्र चढ चालत नसे, त्यामुळे त्या बहुधा सपाट असतात. ब्रिस्टल–बाथ रेल्वे पाथ १३ मैलांचा आणि डांबरी आहे. बिटन स्टेशनापाशी शेजारून वाफेची गाडी धावते, मुलं तिथून हलायला तयार होत नाहीत. सकाळी ऑफिसला जाणारे सायकलस्वार तिथे जोरात असतात, तेव्हा दहानंतर निघा. पीक डिस्ट्रिक्टमधला मॉन्सल ट्रेल साडेआठ मैलांचा आहे. बेकवेलकडून निघालं की पश्चिमेकडे हलका चढ लागतो, परतताना पाय थकलेले असतात तेव्हा उतार मिळतो. बोगद्यांत उन्हाळ्यातही गारवा असतो, मुलाचं जॅकेट हाताशी ठेवा. कॉर्नवॉलच्या कॅमल ट्रेलवर वेडब्रिज ते पॅडस्टो हा साडेपाच मैलांचा टप्पा घ्या. पुढे बॉडमिनकडे जायचं तर वेडब्रिज गावातले रस्ते लागतात.

अपवाद हाय पीक ट्रेलचा. तोही जुना रेल्वेमार्गच, पण तिथे काही चढांवर डबे दोराने ओढत असत. क्रॉमफर्डच्या बाजूला सुमारे १:८ चा, म्हणजे आठ मीटरला एक मीटर, चढ आहे. ट्रेलर घेऊन चढताना दम निघतो, आणि उतरताना मागून येणारं वजन ब्रेकवर पडतं, ते जास्त धोक्याचं. तिथे पार्सली हे कडून सुरुवात करा आणि टिसिंग्टन ट्रेलकडे वळा.

कालव्याकाठच्या वाटा नकाशात मोहक दिसतात. पुलाखाली त्या जेमतेम मीटरभर उरतात, कमान डोक्याशी येते आणि एका बाजूला पाणी असतं. लॉकपाशी, म्हणजे बोटी वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांपाशी, आखूड, तीव्र चढही असतो. रुंदी खात्रीने माहीत नसेल तर तिथे ट्रेलर नेऊ नये. मिल्टन कीन्समध्ये राहत असाल तर सुरुवात घरापासूनच्या रेडवेवर, म्हणजे शहरातल्या पायी आणि सायकलने जायच्या वेगळ्या वाटांवर, करा. मोठे रस्ते त्या बहुतेक भुयारी मार्गांनी ओलांडतात. भुयाराच्या तोंडाशी समोरचं दिसत नाही, म्हणून घंटी वाजवा आणि जमिनीवर काचा आहेत का ते बघा.

खडीच्या वाटेवर मागच्या चाकाचे खडे सरळ ट्रेलरवर उडतात. पुढची जाळी खाली घ्या आणि मडगार्डला लांब रबरी पट्टी लावा. टायरवर छापलेल्या मर्यादेत हवा थोडी कमी ठेवली की हादरे कमी होतात.

निघण्याआधी मोकळ्या पार्किंगमध्ये दोन पाण्याच्या बाटल्या १.१० मीटर अंतरावर ठेवा आणि मधून जा. जोड बहुतेक ट्रेलरांत मागच्या चाकाच्या डावीकडे असतो आणि ट्रेलर बऱ्याचदा थोडा उजवीकडे सरकून चालतो. कोणती बाटली पडते ते पाहिलं की बोलार्डमधून जाताना सायकल किती डावीकडे धरायची ते हाताला कळतं.

आणि तरीही वाटेत अडसर आलाच तर आधी मुलांना उतरवा, मगच पिन आणि सुरक्षेचा पट्टा सोडा. जोड सुटल्यावर दोनचाकी ट्रेलरचं नाक खाली आपटतं, आणि उतारावर तो स्वतःहून निघतो.