बॅकग्राउंड जॉबपाशी ट्रेस तुटत होता, तो असा जोडला

लक्षण: वेब रिक्वेस्टचा ट्रेस (तिच्या सगळ्या टप्प्यांची जोडलेली नोंद) जॉब रांगेत टाकेपर्यंत व्यवस्थित दिसतो, वर्करमधला (रांगेतले जॉब चालवणाऱ्या प्रोसेसमधला) भाग मात्र नव्या ट्रेस आयडीने वेगळाच उगवतो. ओपनटेलिमेट्री (ट्रेस गोळा करणारी साधनं) दोन्हीकडे चालू, एररही नाही. त्यामुळे फार वैताग आला.

सॅम्पलिंग (किती ट्रेस नोंदवायचे ते प्रमाण) १०० टक्के करून फरक पडला नाही. नुसता ट्रेस आयडी जॉबमध्ये पाठवणंही पुरत नाही, कारण पालक स्पॅनचा (ज्या टप्प्यातून जॉब निघाला त्याच्या नोंदीचा) आयडीही लागतो.

चाललं ते असं. आधी जॉब रांगेत टाकताना प्रोड्यूसर प्रकारचा स्पॅन सुरू केला आणि तो चालू असतानाच प्रोपगेटरच्या (ट्रेसची ओळख एका प्रोसेसमधून दुसरीत नेणाऱ्या भागाच्या) इंजेक्टने कॉन्टेक्स्ट (चालू ट्रेस आणि स्पॅनची ओळख) जॉबच्या मेटाडेटात लिहिला. तिथे ट्रेसपेरेंट ही किल्ली दिसायला हवी: आवृत्ती, ३२ अक्षरी ट्रेस आयडी, १६ अक्षरी स्पॅन आयडी, फ्लॅग. रांगेतला एक कच्चा संदेश उघडून हे बघाच. ती किल्ली नसेल तर वर्करमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

मग वर्करमध्ये जॉबचा कोड चालण्याआधी मेटाडेटातून कॉन्टेक्स्ट एक्स्ट्रॅक्ट, तो अटॅच (म्हणजे चालू कॉन्टेक्स्ट म्हणून लावणं), त्याखाली कन्झ्यूमर स्पॅन. जॉब संपला की, फसला तरीही, स्पॅन बंद करून डिटॅच. हे फायनलीमध्येच हवं, नाहीतर पुढचा जॉब आधीच्याच ट्रेसला चिकटू शकतो.

वर्कर फोर्क होत असेल (स्वतःची प्रत काढून चाइल्ड प्रोसेस बनवत असेल) तर ट्रेसर प्रोव्हायडर (स्पॅन बनवण्याची मूळ मांडणी) फोर्कनंतर, प्रत्येक चाइल्ड प्रोसेसमध्ये उभा करा. बॅच एक्स्पोर्टरचा (स्पॅन साठवून गठ्ठ्याने पाठवणाऱ्या भागाचा) थ्रेड फोर्कमध्ये सोबत येत नाही आणि स्पॅन गुपचूप हरवू शकतात. अल्पायुषी वर्करमध्ये बंद होण्यापूर्वी फोर्स फ्लशही (साठलेले स्पॅन लगेच पाठवणं) करा.

तासन्‌तास थांबून चालणाऱ्या जॉबना मात्र मी पालकाऐवजी स्पॅन लिंक (वेगळ्या ट्रेसमधून मूळ स्पॅनकडे नुसता दुवा) देतो. ट्रेस उगाच लांबत नाही.