गुरुत्वाकर्षण कमी होतंय का? कागदावर तपासून बघा

भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९३७ मध्ये मांडलं होतं की विश्वाचं वय वाढतं तसा गुरुत्वीय स्थिरांक ‘जी’ (G), म्हणजे गुरुत्वाकर्षणाची ताकद ठरवणारा आकडा, घटतो. नंतर फ्रेड हॉइल आणि आपले जयंत नारळीकर यांच्या सिद्धांतातही जी घटत होता. माझ्या अकरावीच्या मुलांकडून मी हे गणित दरवर्षी करून घेते, कारण एवढा मोठा प्रश्न एका भागाकारात पकडीत येतो.

विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं धरा. डिरॅक बरोबर असतील तर जी दरवर्षी १३८० कोटीत एक भाग घटेल, आणि ओढ सैल झाल्याने ग्रहाची कक्षा त्याच प्रमाणात फुगेल.

चंद्र घेऊ नका; भरती-ओहोटीमुळे तो तसाही वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातो, हिशोब गुंततो. मंगळ घ्या. सूर्यापासून अंतर २२,८०० कोटी मीटर. भागिले १३८० कोटी: वर्षाला साडेसोळा मीटर!

१९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांचे रेडिओ संदेश हे अंतर काही मीटरपर्यंत अचूक सांगत. एवढी फुगवट लपलीच नसती. ती दिसली नाही.

आता चंद्रावरच्या आरशांवर लेसर मारून, भरती-ओहोटीचा परिणाम वेगळा काढून मिळालेली जी घटण्याची मर्यादा घ्या: वर्षाला लाख कोटीत एक भागाहून कमी. मंगळाचं गणित पुन्हा करा. उत्तर २३ सेंटिमीटरच्या आत यायला हवं.