संकष्टीच्या चांदण्यात तेरेखोलचा फोटो

चांदण्यातला किनारा टिपायचा म्हटलं की सगळे पौर्णिमा धरतात. मी वद्य चतुर्थी धरतो. पौर्णिमेला बारीक तारे पुसले जातात आणि फोटोतलं आभाळ दिवसासारखं निळं येतं. संकष्टीच्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या निम्म्याहून कमी असतो, शिवाय चंद्रोदयाची वेळ घरच्या कॅलेंडरवर छापलेलीच असते.

दुसरं कारण आपल्या किनाऱ्याचं. गोव्याचा समुद्र पश्चिमेला. शुद्ध पक्षातला चंद्र रात्री समुद्राकडे कलतो आणि लेन्सच्या तोंडावर येतो. वद्य पक्षातला डोंगरांकडून वर येतो. गोव्याच्या उत्तर टोकाला असलेल्या केरीच्या वाळूवर उत्तरेला तोंड करून उभे राहा: नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला आणि चांदणं उजव्या बाजूने. अशा तिरप्या उजेडात खडकांचे कंगोरे उठून दिसतात. किल्ल्याच्या थोडं उजवीकडे ध्रुव. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम पंधरा-सोळा अंशांवर असतो, म्हणून किल्ला आणि ध्रुव एकाच चौकटीत मावतात. मार्च-एप्रिलमध्ये रात्री दहाच्या सुमारास सप्तर्षीही त्याच्या वर असतात.

चंद्रोदयाच्या तासभर आधी पोचा. ऑटोफोकस बंद करा, स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत लेन्सवरची फोकसची रिंग फिरवा, मग रिंगला चिकटपट्टी लावा. चौदा ते वीस मिलिमीटरची रुंद लेन्स, एफ २.८ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८००, शटर १० सेकंद उघडं, इथून सुरुवात करा. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच घ्या. चंद्र वर चढतो तसा उजेड वाढतो, तेव्हा अधूनमधून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघून आयएसओ उतरवा.

ताऱ्यांच्या रेषा हव्या असतील तर चंद्रोदयानंतर अर्धा-पाऊण तास थांबा, म्हणजे उजेड जरा स्थिरावतो. एफ ४, आयएसओ ४००, ३० सेकंदांचे फोटो तासभर सलग. नंतर ते कॉम्प्युटरवर एकावर एक जोडले की ध्रुवाभोवती पंधरा अंशांचे कंस उमटतात. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब वेळेच्या फोटोतले दाणे काढणारी सोय) आठवणीने बंद करा. ते चालू राहिलं तर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ अडकून बसतो आणि रेषा तुटतात.

ओल्या वाळूत ट्रायपॉड हळूहळू रुततो आणि तासाभराच्या रेषा वाकड्या होतात. मी नारळाच्या तीन करवंट्या नेतो, त्या वाळूत घट्ट दाबतो आणि पाय त्यांत रोवतो. मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहा. संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत पाणी चढायला लागलेलं असतं. गाडीत एसी लावून आलात तर लेन्सच्या काचेवर लगेच वाफ धरते, त्यामुळे शेवटचा थोडा रस्ता खिडक्या उघड्या ठेवून या.

मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. तिथे टॉर्च आणि फ्लॅश अजिबात नको. फोटोपेक्षा ती मोठी.

घरी पोचल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने त्याच रात्री धुवा.