चार्टर योजनेतून यॉट घेताना या चुका टाळा

चार्टर म्हणजे नौका भाड्याने देणे, आणि चार्टर मालकी योजनेची मांडणी ऐकायला सोपी असते. नवी यॉट आपल्या नावावर घ्यायची, ती ५ ते ६ वर्षांसाठी एखाद्या चार्टर कंपनीच्या ताफ्यात सोपवायची, मरिनाचे (नौका उभी करण्याच्या बंदराचे) भाडे, विमा, देखभाल आणि ग्राहक यांची काळजी कंपनीवर टाकायची आणि वर्षातले काही आठवडे त्या नौकेवर, किंवा कंपनीच्या दुसऱ्या तळावरील तशाच नौकेवर, स्वतः फिरायचे. ब्रिटिश व्हर्जिन बेटांत १९६९ साली सुरू झालेल्या द मूरिंग्जसारख्या मोठ्या कंपनीपासून भूमध्य समुद्रातील लहान ताफ्यांपर्यंत ही पद्धत रुळलेली आहे. या योजनेत पोळलेले बहुतेक मालक दरमहा हातात येणाऱ्या रकमेकडे पाहत राहिले आणि करार संपून नौका परत ताब्यात येईल त्या दिवसाचा हिशेब त्यांनी केलाच नाही.

हमी उत्पन्नाला नफा समजणे

योजना मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात कंपनी खरेदी किमतीच्या ठरावीक टक्क्यांइतकी रक्कम दरवर्षी देते आणि चालू खर्चही उचलते. दुसऱ्या प्रकारात भाड्याच्या उत्पन्नातील वाटा मालकाला मिळतो, मात्र विमा, मरिना आणि दुरुस्ती यांचा भार त्याच्याच माथी असतो. पहिला प्रकार सुरक्षित वाटतो, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ.

नौकेची किंमत १०० एकक धरा. त्यातील २० एकक आपण स्वतःचे घातले आणि ८० एककांचे कर्ज ७ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी काढले. वर्षाचा हप्ता सुमारे ८.६ एकक येतो. कंपनीने ९ टक्के हमी दिली असेल, तर हप्ता फिटून थोडे शिल्लकही राहते, आणि विक्रेता आपल्याला हाच भाग रंगवून सांगतो. मात्र ५ वर्षांनंतरही कर्जाचे सुमारे ६२ एकक फेडायचे उरलेले असतात. वापरलेली नौका ६० एककांना विकली गेली आणि १० टक्के दलाली वजा झाली, तर हाती ५४ येतात, म्हणजे बँकेची फेड करण्यासाठी खिशातून आणखी ८ घालावे लागतात. आरंभीचे २० आणि हे ८ मिळून झालेल्या २८ मधून ५ वर्षांतील जेमतेम २ एककांची शिल्लक वजा केली, की खरा खर्च २६ एकक होतो. विक्री ५० वरच थांबली, तर तोच खर्च ३५ वर जातो. अडकलेल्या २० एककांवर दुसरीकडे मिळाले असते ते व्याज आणि हमी उत्पन्नावरील कर यात धरलेलेच नाहीत.

हे २६ एकक कशासाठी मोजले? समुद्रावरील आठवड्यांसाठी. वर्षाला ८ आठवडे प्रत्यक्ष वापरले, तर ५ वर्षांत ४० आठवडे होतात आणि एका आठवड्याला किमतीच्या ०.६५ टक्के खर्च पडतो. वर्षाला ३ आठवडेच जमले, तर तोच आकडा पावणेदोन टक्क्यांच्या जवळ जातो. त्याच तळावर, त्याच हंगामात, तशीच नौका कंपनीच्या दरपत्रकाप्रमाणे भाड्याने घेतली असती तर किती पडले असते, ते या आकड्याशेजारी मांडून पाहावे. नोकरी आणि मुलांच्या शाळेच्या वेळापत्रकातून वर्षाला ३ आठवडेही न निघणाऱ्या माणसाने केवळ भाड्याने नौका घेऊन फिरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आठवडे मोजणे, हंगाम न पाहणे

माहितीपत्रकात मालकाच्या वाट्याचे आठवडे ठळक छापलेले असतात. त्यांपैकी किती गर्दीच्या हंगामातले आहेत, किती महिने आधी आरक्षण करावे लागते, ऐनवेळी रिकामी नौका मिळण्याची तरतूद आहे का, दुसऱ्या तळावर जाण्यासाठी वेगळे गुण (पॉइंट) किंवा शुल्क लागते का, आणि न वापरलेले आठवडे पुढील वर्षात नेता येतात का, हे करारात शोधावे लागते. ‘फुकट’ आठवड्यालाही साफसफाई, इंधन, नुकसानीची अनामत किंवा तिच्याऐवजीचे शुल्क, आणि विमानप्रवास जोडलेले असतातच.

परतीच्या वेळी नौका कशी असेल हे न ठरवणे

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. खासगी नौकेचे इंजिन वर्षाला शंभर-दोनशे तास चालते. चार्टरच्या नौकेला शनिवारी तळावर परतायचेच असते, वारा असो वा नसो, त्यामुळे तिचे इंजिन याच्या कितीतरी पट चालते. दर आठवड्याला नवा कप्तान, नवे हात, धक्क्याला लावताना नवे ओरखडे. शिवाय उन्हाने शिडांचे कापड जुने होते, बॅटऱ्या खोलवर रिकाम्या होऊन निकामी होतात, पंप आणि शौचालयांच्या नळ्या तुंबतात. यातील पुष्कळसे कंपनी बदलून देते. प्रश्न मुदत संपल्यावर लगेच येणाऱ्या मोठ्या खर्चांचा असतो. सेलड्राइव्हच्या (इंजिनाची शक्ती नौकेच्या तळातून खालच्या पंख्याकडे नेणाऱ्या भागाच्या) तळाशी असलेला रबरी पडदा ७ वर्षांनी बदलावा, असे इंजिन बनवणारी व्होल्वो पेंटा सांगते. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा साधारण १० वर्षांनी बदलाव्यात, असा आग्रह अनेक विमा कंपन्या धरतात. करार ५ किंवा ६ वर्षांचा असल्याने हे दोन्ही खर्च कंपनीच्या वहीतून निसटून मालकाच्या वहीत येतात.

म्हणून सही करण्यापूर्वी परतीची अट शब्दांत पकडावी. ‘वापरामुळे होणारी स्वाभाविक झीज वगळून चांगल्या स्थितीत’ असे एकच वाक्य असेल, तर ते अपुरे आहे, कारण स्वाभाविक झीज म्हणजे काय यावरच नंतर भांडण होते. शिडे, इंजिन, जनरेटर, पाण्याखालचा रंग, गाद्या, सुरक्षा साहित्य यांची यादी आणि प्रत्येकाची स्वीकारार्ह स्थिती जोडपत्रात लिहून घ्यावी. सर्वेक्षक (नौकेची तपासणी करणारा जाणकार) मालकाने नेमायचा, नौका पाण्याबाहेर काढून तपासायची आणि समुद्रात चाचणी घ्यायची, हेही त्यातच असावे.

मांडणी कंपनीच्या सोयीने निवडणे

एकाच कॅटामरनची (दोन समांतर अंगांच्या नौकेची) चार केबिन आणि चार शौचालयांची मांडणी भाड्याला चांगली जाते. पुढे स्वतःसाठी नौका घेणारा मात्र बहुधा एक संपूर्ण अंग मालकाच्या खोलीला दिलेली तीन केबिनची मांडणी शोधतो. मुदतीनंतर नौका स्वतःकडे ठेवायची असेल तर याचा विचार आधीच करावा. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते: ज्या वर्षी आपली नौका ताफ्यातून बाहेर पडते, त्याच वर्षी तिच्या बरोबरीने घेतलेल्या तशाच कित्येक नौकाही बाजारात येतात, आणि भाव पडतो.

कराचा भाग विक्रेत्याच्या तोंडून ऐकणे

युरोपीय संघात व्यावसायिक चार्टरसाठी घेतलेल्या नौकेवरील मूल्यवर्धित कर योग्य रचनेतून परत मिळू शकतो किंवा लांबवता येतो. पण नौका व्यवसायातून काढून खासगी वापरात आणली, की तो प्रश्न त्या वेळच्या मूल्यावर पुन्हा उभा राहतो. फ्रान्समध्ये या कराचा सर्वसाधारण दर २० टक्के, ग्रीसमध्ये २४ आणि क्रोएशियात २५ टक्के आहे. वरच्या उदाहरणातील ६० एककांवर हे टक्के लावून पाहिले, तर बेत कसा कोलमडतो ते कळते. अमेरिकेत घसाऱ्याची मोठी वजावट दाखवून नौका विकल्या जातात. मात्र त्या व्यवसायात मालकाचा भरीव सहभाग नसेल, तर तोटा पगारासारख्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. अशा सहभागाची एक कसोटी वर्षाला ५०० हून अधिक तास काम ही आहे, आणि सर्व कामे कंपनीवर सोपवलेल्या मालकाला ते तास दाखवणे कठीण जाते. आपला स्वतंत्र कर सल्लागार करारनामा वाचत नाही तोवर अग्रीम रक्कम देऊ नये.

हमी कोणाची, हे न विचारणे

हमीची ताकद हमी देणाऱ्या कंपनीइतकीच असते. २०२० मध्ये प्रवास थांबला तेव्हा काही कंपन्यांनी मालकांना द्यायच्या रकमा लांबवल्या किंवा रोखल्या. बँकेचा हप्ता मात्र मालकाच्याच नावावर होता. त्याआधी ६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा चक्रीवादळ पाचव्या श्रेणीच्या जोराने ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर आदळले आणि तिथल्या टोर्टोला या मुख्य बेटावरील चार्टर ताफ्यांची धूळधाण झाली. विम्याची रक्कम खरेदी किमतीवर ठरते की बाजारभावावर, वादळाच्या नुकसानीतील मालकाने स्वतः सोसायचा वेगळा भाग ठरला आहे का, नुकसानभरपाईच्या धनादेशावर नाव कोणाचे, आणि नौका दुरुस्तीत असताना हमी उत्पन्न चालू राहते का, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. नौकेची नोंदणी आपल्या किंवा आपल्या कंपनीच्या नावावर असावी आणि तिच्यावर चार्टर कंपनीच्या कर्जाचा बोजा नसावा.

आधीच अडकला असाल तर

रक्कम येण्यास उशीर होऊ लागला, तर फोनवरील आश्वासनांवर विसंबू नये. करारातील थकबाकीचे कलम उद्धृत करून लेखी सूचना पाठवावी, नौका सध्या नेमकी कोठे आहे आणि विम्याचा हप्ता भरला आहे का याचा पुरावा मागावा, आणि बँकेला परिस्थिती आधीच कळवावी. मरिनाची किंवा कारागिरांची देणी थकलेली असल्यास नौका तिथेच अडकवून ठेवली जाऊ शकते, म्हणून तळावर स्वतः जाऊन किंवा सर्वेक्षक पाठवून पाहणी करावी. त्याच तळावरील इतर मालकांशी संपर्क साधल्यास अडचण एका नौकेची आहे की साऱ्या ताफ्याची, हे लवकर उमगते.

परतीच्या स्थितीवर वाद असेल, तर ताबा घेतल्याच्या कागदावर सही करण्याची घाई करू नये. सर्वेक्षण मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी करून घ्यावे, कारण तोवर नौका कंपनीच्या कार्यशाळेजवळ असते आणि दुरुस्तीची माणसेही तिथेच असतात. त्रुटींची छायाचित्रांसह यादी द्यावी, प्रत्येक दुरुस्तीची तारीख लेखी घ्यावी आणि इंजिनातील तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. कंपनीने दुरुस्तीऐवजी रोख तडजोड देऊ केली, तर ती रक्कम स्वतंत्र कार्यशाळेच्या अंदाजपत्रकाशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. आणि त्या अंदाजपत्रकात नौका पाण्याबाहेर काढण्याचा खर्च धरला आहे ना, तेही पाहावे.