भाड्याच्या घरातल्या कड्या, टाक्या: काढायच्या की ठेवायच्या?

सदाशिव पेठेतला आमचा जुना फ्लॅट मी भाड्याने देते. एजंट दर वेळी म्हणतो, "ताई, हे जुनाट काढून टाका, भाडं वाढेल." मी सरसकट हातोडा घालू देत नाही. वस्तू नुसती विचित्र दिसत असेल तर राहू द्यावी. जिवाला धोका असेल तर भाडेकरू यायच्या आधी काढावी.

बंद बाथरूममधला गॅस गीझर आधी काढा. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग, माणूस अंघोळ करता करता कोसळतो. चिनी मातीचे किटकॅट फ्यूजही बदला. लोक त्यात जाड तार घालतात, मग फ्यूज उडतच नाही आणि भिंतीतली वायर तापते. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या.

झोपाळ्याच्या कड्यांचं मात्र वेगळं आहे. बऱ्याच जुन्या घरांत त्या स्लॅब भरतानाच सळ्यांत अडकवलेल्या असतात. ठोकून उपटल्या तर काँक्रीट फुटतं, सळई उघडी पडते, ओल लागून गंजते, फुगते आणि छताचे पोपडे पडायला लागतात. काढायचीच असेल तर ग्राइंडरने छतालगत कापून वर गंजरोधक प्रायमर लावा. पण आधी विचारा तरी! तान्हं बाळ असलेल्या एका जोडप्याने पाळणा टांगता येईल म्हणूनच आमचं घर घेतलं. टांगण्याआधी स्टुलावर चढून कडी बघा. आतली बाजू घासून पातळ झाली असेल किंवा भोवती तपकिरी डाग असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काही टांगू देऊ नका.

मोरीतली सिमेंटची टाकी फोडताना जमिनीचं वॉटरप्रूफिंगही फुटू शकतं आणि खालच्यांच्या छताला ओल येते. गळत नसेल तर मी ती ठेवते. फक्त घट्ट झाकण हवं, नाहीतर डास होतात.

जे ठेवाल त्याचे फोटो काढा आणि लिव्ह अँड लायसन्स करारात लिहा: कडी आहे, टाकी आहे, दुरुस्ती कोणाकडे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते.