पनामात मुंग्या बघायला जाताय? मग ही तयारी करा

सगळ्यात आधी यलो फीव्हरची लस, निघायच्या निदान १० दिवस आधी, आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवा, कारण पनामाहून परत येताना आपल्याकडे एअरपोर्टवर ते मागतात, नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाईन. राहायला गांबोआ गाव बरं, तिथून सोबेरानिया नॅशनल पार्कातला पाइपलाइन रोड, म्हणजे मुंग्या बघायची जंगलातली वाट, जवळ पडतो.

आता दिवस कसे वाटायचे. पानं कापणाऱ्या मुंग्यांसाठी एक सकाळ बास, त्यांचं घर वर्षानुवर्षं एकाच जागी असतं, जायची-यायची वाट झाडून काढल्यासारखी साफ आणि वर वारीतल्या पताकांसारखे हिरवे तुकडे हलताना दिसतात, त्या सापडणारच. मॅक्रो लेन्स मात्र न्याच, कारण नीट बघितलं तर एखाद्या तुकड्यावर अजून एक चिमुकली मुंगी बसलेली असते, ती फुकट फिरत नसते बरं का, खालचीवर अंडी घालायला येणाऱ्या माश्यांना हाकलत असते. पानं त्या खायला नेत नाहीत, जमिनीखाली बुरशीची शेती असते तिला घालतात.

बाकी सगळे दिवस लष्करी मुंग्यांसाठी, म्हणजे झुंडीने धाड घालून किड्यांची शिकार करणाऱ्या मुंग्यांसाठी, राखून ठेवा. लाखोंचं लटांबर आणि घर म्हणाल तर एकमेकींचे पाय धरून लटकलेल्या मुंग्यांचाच गोळा, तोही साधारण १५ दिवस जवळपास रोज रात्री हलतो, मग २० दिवस एका जागी थांबतो, त्यामुळे गाईडने 'काल इथेच होत्या' म्हटलं तर फार खूश होऊ नका. त्यांना शोधायचं ते कानांनी. अँटबर्ड म्हणून पक्षी आहेत, ते मुंग्यांच्या धाडीसोबत फिरतात आणि जीव घेऊन पळणारी झुरळं, नाकतोडे, कोळी टिपतात, मुंग्या क्वचितच खातात. त्यांचे आवाज घरीच ऐकून पाठ करा, जंगलात मोबाईलवर वाजवू नका, पक्षी उगाच डिस्टर्ब होतात.

उंच रबरी बूट हवेतच, पॅन्ट मोज्यात खोचलेली, हाफ पॅन्ट विसरा. धाडीच्या बाजूला उभं राहा, समोर नाही, आणि फोटो काढता काढता दर मिनिटाला पायाखाली बघा, त्यातल्या मोठ्या सैनिकांचे जबडे आकड्यासारखे वाकडे असतात, चावल्या की सुटता सुटत नाहीत, शिवाय डंख वेगळा. चढल्याच तर तिथेच नाचत बसू नका, आधी रांगेतून लांब व्हा आणि मग झटका.